आठ दिवसांत केदार

गंधर्वच्या परीक्षा दिलेल्या लोकांची एक वेगळी जमात असते. ऑफिसात कुणी कॅन्टीनच्या टेबलावर बोटांनी तीनताल वाजवताना दिसला की आपण विचारतो, "कुठपर्यंत?" आणि तोही न चुकता "मध्यमापर्यंत, मग बारावी आली" असं काहीतरी सांगतो. माझंही तेच. तर आज त्या मध्यमाबद्दल.

आमचं खामगाव म्हणजे कापसाचं आणि चांदीचं गाव. रेल्वेही आली ती कापसासाठी, १८७० साली, जलंबहून एक छोटा फाटा काढून. गाण्याचं म्हणाल तर एका घराच्या पुढच्या खोलीत आमचा क्लास आणि वर्षातून एकदा परीक्षा. दहावीच्या वर्षी परीक्षेच्या आठ दिवस आधी आमचे सर दवाखान्यात ॲडमिट झाले, आणि माझा केदार शिकायचा राहिलेला. भेटायला गेलो तर खाटेवरूनच म्हणाले, "काऊन भेतं रे? पुस्तकात हाये ना सारं."

या वाक्यामागे किती इतिहास आहे हे मला बऱ्याच वर्षांनी कळलं. "पुस्तकात सारं आहे" असं शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी कुठल्याच गवयाने म्हटलं नसतं. कारण पुस्तकच नव्हतं. बंदिश ही घराण्याची इस्टेट. बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांनी (१८४९ ते १९२६) ग्वाल्हेरची गायकी महाराष्ट्रात आणली, पण त्यासाठी त्यांना आधी घरदार सोडून वासुदेवबुवा जोशींपर्यंत पोचावं लागलं आणि वर्षानुवर्षं गुरुसेवा करावी लागली. गुरूच्या मनात येईल तेव्हा, येईल तेवढं मिळणार. "आठ दिवसांनी परीक्षा आहे, केदार राहिलाय" हे वाक्य त्या जगात उच्चारताच आलं नसतं. परीक्षाच कुठे होती?

ती आणली बाळकृष्णबुवांच्याच शिष्याने, विष्णु दिगंबर पलुस्करांनी. जन्म १८७२, कुरुंदवाड. लहानपणी फटाक्याच्या दारूने डोळे अधू झाले, म्हणून शाळा सुटली आणि मिरजेला गाणं शिकायला धाडलं. ५ मे १९०१ रोजी त्यांनी लाहोरला गंधर्व महाविद्यालय काढलं, तेही संस्थानिकाच्या आश्रयावर नाही, लोकांकडून पैसे जमवून. वर्ग, इयत्ता, वेळापत्रक, अभ्यासक्रम, छापलेली पुस्तकं. वर्ग चालवायचा तर तीस मुलांना एकच चीज एकाच वेळी शिकवायला हवी, आणि त्यासाठी ती कागदावर हवी. म्हणून त्यांनी स्वतःची स्वरलिपी बनवली. १९०८ मध्ये मुंबईला शाखा काढली, पुढे तिथली इमारत कर्जापायी हातची गेली. १९३१ साली ते वारले आणि त्याच वर्षी शिष्यांनी मंडळ स्थापन केलं. आपण सगळे ज्याच्या परीक्षा देतो ते हेच.

दुसरीकडे पंडित भातखंडे, वकिली शिकलेला माणूस. देशभर हिंडून, उस्तादांना गळ घालून त्यांनी बंदिशी जमवल्या आणि 'क्रमिक पुस्तकमालिके'च्या सहा भागांत छापून टाकल्या. वकिलाच्या शिस्तीने. आजच्या भाषेत म्हणायचं तर प्रोप्रायटरी कोड ओपन सोर्स केला, आणि मूळ मालकांपैकी बरेच जण खूश नव्हते हेही तसंच :-)

मात्र दोघांची लिपी एक नाही. आणि यातच मी आपटलो. आमच्या क्लासमध्ये पलुस्कर पद्धत. तिच्यात स्वराच्या डोक्यावर टिंब म्हणजे मंद्र सप्तक, आणि तार सप्तकाला उभी रेघ. भातखंड्यांकडे डोक्यावर टिंब म्हणजे तार! मंद्राचं टिंब खाली. क्लासमधल्या एका दादाने मला क्रमिकचा तिसरा भाग दिला, त्यात केदार आहे. पहिले दोन दिवस मी त्यातली बंदिश अशी बसवली की अंतरा वर चढायच्या ऐवजी विहिरीत उतरल्यासारखा खाली खाली जातोय. घरचे म्हणाले, हा राग फार गंभीर दिसतो. गंमत म्हणजे या दोन लिप्यांमधला फरक हा थिअरीच्या पेपरातला ठरलेला प्रश्न. मी तो पाठ करून मार्कही मिळवले होते.

पाश्चात्त्य संगीताच्या परीक्षांमध्ये हा प्रकार मुद्दामच करतात. लंडनचं असोसिएटेड बोर्ड १८९० पासून परीक्षा घेतंय. त्यात कधीही न पाहिलेलं पान समोर ठेवतात, अर्धा मिनिट बघायला देतात, की वाजवा. त्यांच्याकडे ते चालतं, कारण वाजवायचं बरंचसं पानावर असतं. आपल्याकडे पानावर फक्त बंदिश, म्हणजे पाच ओळी. ती संपली की परीक्षक म्हणणार, "हं, आता आलाप घ्या." आलाप कुठेच लिहिलेले नाहीत. अनोळखी संगीत आपल्यालाही गावं लागतं, पण ते तिथल्या तिथे आपणच करायचं असतं, आणि त्याची आठ दिवसांत तयारी कशी करणार?

ही परीक्षा नावाची गोष्ट मोठ्यांनाही सुटली नाही. १९५२ मध्ये बा. वि. केसकर माहिती आणि नभोवाणी मंत्री झाले आणि त्यांच्या काळात आकाशवाणीने गायक-वादकांच्या ऑडिशन घ्यायला सुरुवात केली. त्या कामात प्रमुख होते भातखंड्यांचे शिष्य श्रीकृष्ण रातंजनकर. आयुष्यभर मैफली गाजवलेल्या लोकांनी चाचणी द्यायची, आणि ग्रेड घ्यायची. बरेच कलाकार खवळले, विरोध झाला. मला दोन्ही बाजू पटतात. सरकारी पैशाने गाणं ऐकवायचं तर काहीतरी मोजमाप हवं. पण ज्याने वीस वर्षं गुरूसमोर बसून एकेक स्वर घासला, त्याला दहा मिनिटांत काय मोजणार?

असो. माझी परीक्षा. शाळेचा हॉल, बाहेर बाकावर रांगेत आम्ही, आत एक म्हातारे परीक्षक. मी केदार सुरू केला. बंदिश नीट झाली, टिंबं एव्हाना सरळ झाली होती. मग आलाप. पुस्तकात वाचलं होतं की वादी मध्यम, संवादी षड्ज, गंधार अल्प. म्हणून मी गंधार टाळत राहिलो, शेवाळलेल्या पायरीवरून पाय उचलून टाकावा तसा. सा, म, प. सा, म, प. दोन मिनिटांत त्यांनी हात वर केला.

"पुस्तकातून बसवलंस?"

खोटं बोलायची हिंमत झाली नाही. सर आजारी आहेत म्हणालो. ते रागावले नाहीत. तंबोऱ्याकडे जरा झुकले आणि स्वतः गायले. षड्जावरून मध्यमावर आले, तिथे थांबले, आणि मध्यमावरून पंचमाकडे जाताना मधे गंधार होता. म्हणजे लागला नव्हता, पण होता. "म्हण." मी म्हटलं. "नाही, परत." असं चार-पाच वेळा. बाहेरच्या मुलाने दार ढकलून आत डोकावलं तेव्हा कुठे ते परत परीक्षक झाले आणि ताल विचारायला लागले.

पास झालो, मार्क सांगत नाही. सर दवाखान्यातून आल्यावर त्यांना सगळं सांगितलं, तर म्हणाले, "मंग? पुस्तकात नव्हतं का?" घरी येऊन क्रमिकचं ते पान उघडलं. मध्यम आणि पंचमाच्या डोक्यावर मींडेचा बारीक कंस होता, आणि पंचमाच्या खांद्यावर चिमुकला गंधार, कणस्वर म्हणून छापलेला. आठ दिवस मी त्या खुणेवर बोट ठेवून गात होतो.

पुस्तक त्या दादाला परत करायचं राहिलंच आहे.