साखरेचं कवच आणि तान्ह्या बाळाची लस

बाळ दीड महिन्याचं झालं की तुम्ही त्याला पेंटाव्हॅलंटच्या पहिल्या डोससाठी नेता. या एका इंजेक्शनात पाच आजारांवरची लस असते. त्यातली ‘हिब’ची लस इतक्या लहान बाळांना लागू पडायला अनेक दशकं जावी लागली.

हिब म्हणजे ‘हिमोफिलस इन्फ्लुएन्झा टाइप बी’ हा जिवाणू. त्याच्यामुळे मेंदूज्वर आणि न्यूमोनिया होतो. मेंदूज्वरातून वाचलेल्या काही मुलांना कायमचं बहिरेपण येतं. १९३३ साली फॉदरगिल आणि राइट या अमेरिकी संशोधकांनी वेगवेगळ्या वयाच्या माणसांचं रक्त तपासलं. मोठ्यांचं रक्त हे जिवाणू मारत होतं. नवजात बाळांचंही मारत होतं, कारण आईच्या अँटिबॉडीज त्यांना वारेतून मिळालेल्या असतात. पण काही महिन्यांपासून सुमारे तीन वर्षांपर्यंतच्या मुलांच्या रक्तात ही ताकद फारशी नव्हती. मेंदूज्वरही प्रामुख्याने याच वयात होत होता.

आईची शिदोरी संपल्यावर बाळ स्वतःच्या अँटिबॉडीज का बनवत नाही? हिबभोवती शर्करेचं कवच असतं. अँटिबॉडीज बनवतात बी पेशी, आणि त्यांना जोर देतात टी पेशी. पण टी पेशी प्रामुख्याने प्रथिनांचे तुकडे ओळखतात; नुसती शर्करा त्यांना कळत नाही. मोठ्यांच्या बी पेशी या मदतीशिवायही निभावून नेतात, बाळाच्या अपरिपक्व बी पेशींना ते जमत नाही. म्हणूनच १९८५ साली अमेरिकेत आलेली नुसत्या शर्करेची लस तान्ह्या बाळांसाठी कुचकामी होती. ज्यांना सर्वाधिक धोका, नेमकी तीच उघड्यावर राहिली.

उपाय जुन्या प्रयोगात दडला होता. १९३१ साली एव्हरी आणि गोबेल यांनी न्यूमोनियाच्या जिवाणूची शर्करा प्रथिनाला जोडून सशांना टोचली होती आणि त्यांच्यात अँटिबॉडीज तयार झाल्या होत्या. रॉबिन्स-श्नीरसन आणि स्मिथ-अँडरसन या दोन जोड्यांनी हीच युक्ती हिबसाठी वापरली. बी पेशी शर्करा ओळखून ती प्रथिनासकट गिळते, प्रथिनाचे तुकडे टी पेशीला दाखवते आणि मदत मिळवते.

१९९० पासून अमेरिकेत ही लस दोन महिन्यांच्या बाळांना मिळू लागली. त्याआधी तिथे दरवर्षी पाच वर्षांखालच्या सुमारे २०,००० मुलांना हिबचा गंभीर आजार व्हायचा. नंतर तो ९९ टक्क्यांनी घटला. भारताच्या सरकारी लसीकरणात पेंटाव्हॅलंट २०११ साली केरळ आणि तमिळनाडूपासून सुरू झाली.

‘बाळ जरा मोठं होऊ दे, मग टोचू’ असं घरात कुणी म्हणालं, तर त्यांना हे सांगा. ६, १०, १४ आठवडे या तारखा पाळा. आईची शिदोरी सरत असताना बाळाची स्वतःची तयारी व्हायला हवी.