हंगामपूर्व गुणानुक्रम, अमेरिकन महाविद्यालयीन फुटबॉलमधील

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत महाविद्यालयीन फुटबॉलचा हंगाम सुरू होण्यापूर्वी, म्हणजे एकही सामना खेळला गेला नसताना, संघांच्या अपेक्षित बलाबलानुसार प्रसिद्ध करण्यात येणारी क्रमवार यादी. येथे फुटबॉल म्हणजे लंबगोल चेंडूने खेळावयाचा अमेरिकन फुटबॉल होय. भारतात फुटबॉल या नावाने परिचित असलेल्या खेळाहून तो भिन्न आहे. अशा याद्या वृत्तसंस्था, प्रशिक्षकांची मंडळे, क्रीडाविषयक वार्षिके आणि गणिती पद्धती वापरणारे विश्लेषक तयार करतात. त्यांपैकी असोशिएटेड प्रेस या वृत्तसंस्थेची ऑगस्टमध्ये प्रसिद्ध होणारी २५ संघांची यादी विशेष प्रतिष्ठित मानली जाते. वरवर पाहता ही यादी केवळ एक भाकित आहे. तथापि या खेळातील राष्ट्रीय अजिंक्यपद दीर्घकाळ मतदानाने ठरत असल्यामुळे हे भाकित प्रत्यक्ष निर्णयावरही परिणाम करू लागले. हंगामपूर्व गुणानुक्रमाचा इतिहास हा मुख्यतः भाकित आणि निवाडा यांची फारकत करण्याच्या प्रयत्नांचा इतिहास आहे.

पार्श्वभूमी : अमेरिकेतील पहिला आंतरमहाविद्यालयीन फुटबॉल सामना ६ नोव्हेंबर १८६९ रोजी न्यू ब्रन्झविक येथे रटगर्झ आणि प्रिन्स्टन या महाविद्यालयांत झाला. पुढे हा खेळ देशभर पसरला. परंतु संघांची संख्या मोठी, अंतरे दूरची व खेळातील शारीरिक झीज अधिक असल्याने एका संघाला एका हंगामात दहा-बारा सामन्यांपलीकडे खेळणे शक्य होत नसे. त्यामुळे सर्व संघांची साखळी स्पर्धा अशक्य होती. राष्ट्रीय महाविद्यालयीन क्रीडा संघटना १९०६ मध्ये स्थापन झाली (आजचे नाव १९१०). तिने इतर अनेक खेळांत राष्ट्रीय अजिंक्यपदाच्या स्पर्धा सुरू केल्या. परंतु फुटबॉलच्या सर्वोच्च श्रेणीत तशी स्पर्धा तिने कधीच भरविली नाही. ज्या संघांची परस्परांशी गाठच पडली नाही, त्यांत श्रेष्ठ कोणता, हा प्रश्न त्यामुळे मतांवर आणि गणितावर सोपविला गेला.

गणिती उत्तर देण्याचा एक प्रारंभीचा प्रयत्न इलिनॉय विद्यापीठातील अर्थशास्त्राचे प्राध्यापक फ्रँक डिकिन्सन यांनी केला. त्यांची पद्धत १९२६ पासून १९४० पर्यंत वापरात होती. बलवान प्रतिस्पर्ध्यावरील विजयाला दुर्बल प्रतिस्पर्ध्यावरील विजयापेक्षा अधिक गुण देणे, हे तिचे मूलतत्त्व होते. नॉटर डेम विद्यापीठाचे प्रसिद्ध प्रशिक्षक नूट रॉक्नी यांच्या आग्रहावरून ही पद्धत मागील हंगामांनाही लावण्यात आली व १९२४ चे विजेतेपद नॉटर डेमला मिळाले. संघाचा मान ठरविणाऱ्या यादीवर बाहेरून दबाव येऊ शकतो, हे यावरून प्रारंभीच दिसून आले. तथापि डिकिन्सन यांची यादी हंगामाच्या अखेरीस निघत असे; भाकित हा तिचा हेतू नव्हता.

वार्ताहरांचा कौल : असोशिएटेड प्रेसचे क्रीडासंपादक ॲलन गूल्ड यांनी १९३५ च्या अखेरीस स्वतःच्या मतानुसार मिनेसोटा, प्रिन्स्टन आणि सदर्न मेथडिस्ट या तीन संघांना संयुक्त प्रथम क्रमांक दिला. त्यामुळे मिनेसोटाचे चाहते संतप्त झाले. पुढील वर्षी गूल्ड यांनी ही जबाबदारी देशभरच्या क्रीडासंपादकांवर व वार्ताहरांवर सोपविली आणि ऑक्टोबर १९३६ पासून साप्ताहिक कौल सुरू झाला. सामने शनिवारी होत. एका शनिवारपासून दुसऱ्या शनिवारपर्यंत वाचकांत चर्चा आणि वाद चालू राहावेत, हा आपला हेतू होता, असे गूल्ड यांनी पुढे मोकळेपणाने सांगितले. वृत्तपत्रांची ही गरज कौलाच्या मुळाशी होती, हे ध्यानात घेणे आवश्यक आहे. पहिल्या हंगामाअखेर मिनेसोटाच प्रथम ठरला. त्याने नॉर्थवेस्टर्नविरुद्ध एक सामना गमावला होता. परंतु नॉर्थवेस्टर्नही अखेरच्या सामन्यात नॉटर डेमकडून पराभूत झाला.

या कौलाची दृष्टी सर्वव्यापी नव्हती. कृष्णवर्णीयांच्या महाविद्यालयांचे संघ तिच्या कक्षेबाहेर राहिले. त्यांच्यातील राष्ट्रीय विजेता पिट्सबर्ग कूरिअर हे कृष्णवर्णीयांचे वृत्तपत्र १९२० पासून स्वतंत्रपणे जाहीर करीत असे.

हंगामपूर्व यादीचा उदय : प्रारंभीच्या वर्षांत कौलाची पहिली यादी काही आठवड्यांचा खेळ झाल्यावर निघे. संघांच्या भवितव्याविषयी अंदाज वर्तविणारी वार्षिके मात्र उन्हाळ्यातच विक्रीस येत व वाचकप्रिय ठरत. १९५० मध्ये असोशिएटेड प्रेसने हंगामापूर्वीच यादी प्रसिद्ध करण्याची प्रथा सुरू केली. त्याच वर्षी युनायटेड प्रेस या प्रतिस्पर्धी वृत्तसंस्थेने प्रशिक्षकांचा स्वतंत्र कौल सुरू केला.

पहिल्याच यादीने भाकिताच्या मर्यादा उघड केल्या. तीत अग्रस्थान मिळालेला नॉटर डेमचा संघ १९४६ पासून अपराजित होता. परंतु ऑक्टोबर १९५० मध्ये पर्ड्यूने त्याला पराभूत करून ३९ सामन्यांची ती मालिका खंडित केली. त्या हंगामात नॉटर डेमला चार विजय, चार पराभव आणि एक बरोबरी एवढ्यावरच समाधान मानावे लागले. मिसिसिपी विद्यापीठाचा संघ १९६४ मध्ये आणि सदर्न कॅलिफोर्नियाचा २०१२ मध्ये प्रथम क्रमांकावरून निघून अखेरच्या यादीतून पूर्णपणे वगळला गेला. याउलट, १९८३ चा मायामी व १९८४ चा ब्रिगहॅम यंग हे संघ हंगामपूर्व यादीत नसतानाही विजेते ठरले. १९५० पासून २०२४ पर्यंतच्या ७५ हंगामांत हंगामपूर्व यादीतील अग्रस्थानीय संघ असोशिएटेड प्रेसच्या अखेरच्या यादीतही प्रथम राहिल्याची उदाहरणे केवळ ११ आहेत. सर्व आठवडे अग्रस्थान न सोडता विजेता ठरलेला पहिला संघ १९९९ चा फ्लॉरिडा स्टेट हा होय.

भाकिताची साधने : हंगामपूर्व क्रम ठरविताना सामान्यतः मागील हंगामातील कामगिरी, संघात कायम राहिलेल्या अनुभवी खेळाडूंची संख्या, विशेषतः क्वार्टरबॅक या आक्रमणसूत्रधाराचा अनुभव, माध्यमिक शाळांतून नव्याने आलेल्या खेळाडूंची गुणवत्ता, प्रशिक्षकांतील बदल आणि नियोजित प्रतिस्पर्ध्यांचे बळ हे घटक विचारात घेतले जातात. असोशिएटेड प्रेसच्या कौलात प्रत्येक मतदार २५ संघांची नावे देतो. पहिल्यास २५, दुसऱ्यास २४, याप्रमाणे अखेरच्यास एक गुण मिळतो व त्यांच्या बेरजेवरून क्रम ठरतो. यादीतील संघांची संख्या प्रारंभी २० होती. १९६१ ते १९६७ या काळात ती १० होती व १९८९ पासून २५ आहे.

महाविद्यालयीन खेळाडूंना मर्यादित वर्षेच खेळता येत असल्याने संघांची रचना दरवर्षी बदलते. विद्यापीठ बदलू इच्छिणाऱ्या खेळाडूंसाठी २०१८ मध्ये सुरू झालेली नोंदणीव्यवस्था आणि स्थलांतरानंतर एक वर्ष बाहेर बसण्याच्या अटीत २०२१ मध्ये दिलेली सवलत यांमुळे हा बदल अधिक वेगवान झाला. मागील वर्षाचा संघ आणि नवा संघ यांत कित्येकदा नावाखेरीज फारसे साम्य उरत नाही. अशा वेळी मतदार विद्यापीठाच्या जुन्या लौकिकाकडे झुकतात, हा या याद्यांवरील नेहमीचा आक्षेप आहे.

भाकिताचा निकालावरील परिणाम : साप्ताहिक कौलात मतदार बहुधा मागील आठवड्याची यादी आधारास घेतो. पराभूत संघ खाली जातो आणि त्याच्या खालचे संघ वर सरकतात; विजयी संघाला सहसा हलविले जात नाही. परिणामी, आरंभी वर असलेल्या संघाने विजयी राहणे पुरेसे ठरते. खालून निघालेल्या संघाला मात्र स्वतःच्या विजयांबरोबरच इतरांच्या पराभवांचीही वाट पाहावी लागते. १९८४ मध्ये ब्रिगहॅम यंग प्रथम ठरला, तो इतर सर्व प्रमुख संघ किमान एकदा अडखळल्यामुळेच. हा नियम निरपवाद मात्र नाही. १९६६ च्या हंगामपूर्व यादीत प्रथम असलेला अ‍ॅलाबामा सर्व सामने जिंकूनही तिसराच राहिला. परस्परांशी १०–१० अशी बरोबरी करणारे नॉटर डेम आणि मिशिगन स्टेट त्याच्या वर होते.

अखेरचा कौल केव्हा घ्यावयाचा, हाही वादाचा विषय होता. हंगामानंतर निमंत्रित संघांचे ‘बाउल’ सामने होत. पण त्यांपूर्वीच विजेता जाहीर होई. १९५० मध्ये दोन्ही कौलांत प्रथम ठरलेला ऑक्लाहोमा त्यानंतर केंटकीकडून पराभूत झाला; परंतु त्याचे विजेतेपद कायम राहिले. असोशिएटेड प्रेसने १९६८ पासून आणि प्रशिक्षकांच्या कौलाने १९७४ पासून अखेरची यादी बाउल सामन्यांनंतर काढण्याची पद्धत स्थिर केली. यादीच्या शेवटच्या टोकाची ही दुरुस्ती होती; आरंभीच्या टोकाचा प्रश्न तसाच राहिला.

१९९८ मध्ये ‘बाउल चँपियनशिप सीरीज’ ही योजना अंमलात आल्यावर तो तीव्र झाला. या योजनेत कौल आणि संगणकीय क्रम यांच्या मिश्रणातून पहिले दोन संघ निवडून त्यांचा अंतिम सामना खेळविला जाई. म्हणजे तिसरा क्रमांक मिळालेल्या संघाला विजेतेपदाची संधीच उरत नसे. २००४ मध्ये सदर्न कॅलिफोर्निया व ऑक्लाहोमा हंगामपूर्व यादीत अनुक्रमे पहिले व दुसरे, तर ऑबर्न सतरावा होता. तिन्ही संघ नियमित हंगामात अपराजित राहिले. ऑबर्न तिसऱ्या स्थानापर्यंत चढला आणि तेथेच अडला. त्याचे काही प्रतिस्पर्धी दुबळे होते, हे एक कारण सांगण्यात आले. तथापि ऑगस्टमधील क्रम उलट असता, तर निर्णय तोच झाला असता काय, या प्रश्नाला समाधानकारक उत्तर मिळाले नाही. अंतिम सामन्यात सदर्न कॅलिफोर्नियाने ऑक्लाहोमाला ५५–१९ असे हरविले आणि ऑबर्न आपला बाउल सामनाही जिंकून अपराजितच राहिला. एकाही सामन्यात न हरलेल्या खेळाडूंना विजेतेपदासाठी खेळता आले नाही, ही वस्तुस्थिती सुधारणेच्या मागणीला बळ देणारी ठरली.

सुधारणा : डिसेंबर २००४ मध्ये असोशिएटेड प्रेसने आपला कौल या योजनेत वापरू नये, असे कळविले. त्याच्या जागी २००५ पासून घेतलेला हॅरिस संस्थेचा कौल सप्टेंबरच्या अखेरीपर्यंत जाहीरच होत नसे. काही सामने पाहिल्यावाचून मत नोंदवू नये, हा त्यामागील हेतू होता. योजनेतील संगणकीय पद्धतींतही हा मतभेद दिसतो. रिचर्ड बिलिंग्झली यांची पद्धत मागील हंगामातील स्थान आधारास घेई, तर खगोलभौतिकीज्ञ वेस्ली कोली यांच्या पद्धतीत सर्व संघ आरंभी समान मानले जात. पूर्वज्ञानामुळे आरंभीचे अंदाज अधिक अचूक होतात, ही पहिलीची जमेची बाजू. मैदानाबाहेरील कशालाही गुण नाहीत, ही दुसरीची.

२०१४ पासून अजिंक्यपदासाठी चार संघांची बादफेरी सुरू झाली. संघनिवड १३ सदस्यांच्या समितीकडे आली. ती आपली पहिली यादी हंगामाचा अर्धाअधिक भाग उलटल्यावर प्रसिद्ध करते. तरीही भाकिताचे तत्त्व नाहीसे झाले नाही. २०२३ मध्ये फ्लॉरिडा स्टेटने सर्व १३ सामने जिंकले. परंतु त्याचा प्रमुख क्वार्टरबॅक जायबंदी झाल्याने संघाचे बळ घटल्याचे कारण देऊन समितीने त्याला पाचवे स्थान दिले व एक पराभव झालेल्या अ‍ॅलाबामाची निवड केली. पुढे काय घडेल, याचा अंदाज घडलेल्या गोष्टीपेक्षा येथेही वरचढ ठरला. २०२४ मध्ये बादफेरीतील संघांची संख्या १२ करण्यात आली. त्यामुळे चौथ्या व पाचव्या क्रमांकांमधील वाद निवळला आणि तो बाराव्या स्थानाच्या आसपास सरकला.

हंगामपूर्व यादीचे अधिकृत महत्त्व अशा प्रकारे कमी होत गेले असले, तरी तिचा प्रभाव ओसरलेला नाही. दूरचित्रवाणीवरील सामन्यांच्या जाहिरातींत संघाच्या नावापूर्वी त्याचा क्रमांक दिला जातो आणि वरच्या क्रमांकाच्या संघावरील विजय अधिक मोलाचा मानला जातो. तो क्रमांक प्रारंभी केवळ अंदाजाने दिलेला असतो. ऑगस्ट २०२० मध्ये साथीच्या रोगामुळे आपला हंगाम पुढे ढकललेल्या विभागीय गटांतील नऊ संघांनाही असोशिएटेड प्रेसच्या यादीत स्थान मिळाले होते. ते संघ त्या वर्षी खेळतील की नाही हे अनिश्चित असताना त्यांचा क्रम मात्र निश्चित झाला होता.