नेमलेला आकडा

चैत्र-वैशाखात आमच्या नशिराबादच्या शिवारात एक तक्रार हमखास ऐकू येते. "सर, मोटार पाच मिनिटं चालते अन् ट्रिप होते." केळीला पाण्याची घाई असते. व्होल्टेज उतरलेले असते, मोटार जादा करंट ओढू लागते आणि स्टार्टरमधला रिले तिला बंद पाडतो. मग कुणीतरी स्क्रू-ड्रायव्हर घेऊन रिलेचा आकडा थोडा वर सरकवतो. मोटार चालू लागते. दोन-चार दिवस सगळे खूष असतात. पुढे एका रात्री मोटार जळते. वाइंडिंगचा खर्च तर येतोच, पण ऐन उन्हाळ्यात आठ दिवस बागेचे पाणी तुटते ते वेगळेच.

आता सांगा, चूक कुणाची? रिलेने आपले काम केले होते. चूक आकडा सरकवणाऱ्याची म्हणावी, तर त्याची अडचणही खरी होती. हा आकडा बदलायचा अधिकार कुणाला असावा, आणि बदलण्यापूर्वी त्याने काय तपासावे, हा प्रश्न दिसतो लहान, पण त्याच्यामागे दीडशे-पावणेदोनशे वर्षांचा इतिहास आहे. आज तो थोडक्यात पाहू.

आपल्या खानदेशाने हा प्रश्न पहिल्यांदा पाहिला तो वाफेच्या रूपाने. १८६० च्या सुमारास रेल्वे भुसावळला पोचली. कापसामुळे ठिकठिकाणी जिनिंगचे कारखाने उभे राहिले आणि त्यांच्या आवारात बॉयलर धडधडू लागले. बॉयलरच्या माथ्यावर एक झडप असे. वाफेचा दाब ठरलेल्या आकड्यापलीकडे गेला की ती आपोआप उघडायची आणि वाफ बाहेर पडायची. जुन्या पद्धतीत या झडपेवर एक दांडी आणि दांडीवर वजन असे. वजन पुढे सरकवले की झडप जास्त दाबाला उघडे. म्हणजे नेमलेला आकडा बदलायला कागद नको, सही नको. एक वीट पुरे.

माझे आजोबा अशाच एका जिनात फायरमन होते. ते सांगत, एका हंगामात गाठींची घाई होती, तेव्हा मुकादमाने दांडीला खरोखरच विटा बांधायला लावल्या. त्या हंगामात काहीही झाले नाही. "अन् तेच वाईट झालं," असे आजोबा म्हणत. "काही झालं नाही, म्हणून पुढच्या हंगामात कुणी विचारलंही नाही."

अशी गोष्ट केवळ आपल्याकडेच घडली असे समजू नका. इंग्लंडात आगगाडीचे ड्रायव्हर चढावर जोर मिळावा म्हणून झडप दाबून ठेवीत. त्यावर जॉन रॅम्सबॉटम नावाच्या इंजिनिअरने १८५५ च्या सुमारास तोड काढली. त्याने दोन झडपा एका दांडीने आणि एकाच स्प्रिंगने अशा जोडल्या की ड्रायव्हरने दांडी दाबली तरी दाब वाढू नये; उलट एक झडप मोकळीच व्हावी. माणसाच्या मोहाला लोखंडाने घातलेला हा बांध होता.

पण लोखंड सगळीकडे पुरत नाही. तिथे कायदा लागतो. १८६३ साली कलकत्त्यात बॉयलर फुटून माणसे दगावली. पुढच्याच वर्षी, १८६४ साली, बंगाल प्रांताने बॉयलर तपासणीचा कायदा केला. पुढे इतर प्रांतांनीही आपापले कायदे केले आणि १९२३ साली सर्व देशाला एकच कायदा आला. त्यातले सूत्र ध्यानात ठेवण्यासारखे आहे. बॉयलर चालवणार मालक. पण तो जास्तीत जास्त किती दाबाने चालवायचा, हा आकडा दाखल्यावर लिहिणार सरकारी निरीक्षक. झडपेशी खेळ करणे हा गुन्हा. २०२५ साली या कायद्याच्या जागी नवा बॉयलर कायदा आला. पण ज्याला उत्पादनाची घाई आहे, त्याच्या एकट्याच्या हाती आकडा ठेवू नये, हा धडा जुना झालेला नाही.

आता खानदेशातून कोकण किनाऱ्यावर, तारापूरला येऊ. २८ ऑक्टोबर १९६९ पासून तिथल्या दोन अणुभट्ट्यांची वीज महाराष्ट्राला आणि गुजरातला रीतसर मिळू लागली. आपल्या देशातली ही पहिली अणुवीज. अणुभट्टीतही शेवटी पाण्याची वाफच करायची असते. पण इथे रिले एक नसतो, अनेक असतात. दाब, तापमान, पाण्याची पातळी, भट्टीची शक्ती, या प्रत्येकासाठी एक आकडा नेमलेला असतो. तो ओलांडला की नियंत्रक दांडे आपोआप भट्टीत शिरतात आणि ती बंद पडते. या आकड्याला इंजिनिअर लोक 'सेटपॉइंट' म्हणतात.

हा आकडा कसा ठरतो? विहिरीचा कठडा आपण काठाच्या टोकावर बांधत नाही, थोडा अलीकडे बांधतो. तसेच हे आहे. प्रथम हिशेबाने धोक्याची कड काढतात. मग पाहतात की मोजणारे यंत्र किती चुकू शकते, महिन्या-महिन्यांत ते किती सरकते, इशारा मिळाल्यापासून दांडे आत जाईपर्यंत किती वेळ लागतो. तेवढे अंतर सोडून अलीकडे आकडा नेमतात. मात्र फार अलीकडेही नेमून चालत नाही. भट्टी विनाकारण वारंवार बंद पडली, तर यंत्रांना धक्के बसतात आणि "लांडगा आला रे" च्या गोष्टीप्रमाणे माणसांचा इशाऱ्यावरचा विश्वास उडतो.

म्हणूनच आकडा बदलण्याची मागणी दर वेळी लबाडीची असते असे नाही. पण एक आकडा हलवला की शेजारचे आकडे हलल्यासारखे होतात. याचे उत्तम उदाहरण अमेरिकेतले आहे. २८ मार्च १९७९ रोजी थ्री माइल आयलंड येथील अणुभट्टीत दाब वाढला. दाब मोकळा करणारी झडप उघडली, आणि ती उघडीच अडकून राहिली. पाणी निसटत राहिले. आपोआप सुरू झालेले बचावाचे पाणी कामगारांनी गैरसमजाने कमी केले आणि भट्टीच्या गाभ्याचा सुमारे अर्धा भाग वितळला.

चौकशीत दोन आकडे पुढे आले. झडप दर चौरस इंचाला २२५५ पौंड दाबाला उघडत होती आणि भट्टी बंद होत होती २३५५ पौंडांना. म्हणजे आधी झडप, मग बंद. भट्टी चालू राहण्याच्या दृष्टीने हे सोयीचे होते. पण झडप वरचेवर उघडणार, आणि कधीतरी अडकणार. नियामकांनी त्या बनावटीच्या भट्ट्यांना क्रम उलटा करायला लावला. भट्टी २३०० लाच बंद व्हावी आणि झडप २४५० ला उघडावी. भट्टी जरा जास्त वेळा बंद पडेल, हे पत्करले.

तारापूरची गोष्ट वेगळी, पण धडा तोच. तिथल्या भट्ट्या मूळच्या प्रत्येकी २१० मेगावॅटच्या. दुय्यम वाफ तयार करणाऱ्या उपकरणांच्या नळ्या गळू लागल्या. ती उपकरणे बाजूला काढली गेली आणि १९८० नंतरच्या काही वर्षांत भट्ट्यांची शक्ती १६० मेगावॅटवर आणली गेली. वीज कमी मिळाली, पण कड राखली गेली. अशा वेळी नुसती शक्ती उतरवून भागत नाही. २१० च्या हिशेबाने बांधलेला कठडा १६० ला फार दूर पडतो. म्हणून बाकीचे आकडेही नव्याने तपासावे लागतात.

हे तपासणार कोण? १५ नोव्हेंबर १९८३ रोजी अणुऊर्जा नियामक मंडळ स्थापन झाले. केंद्र चालवण्याच्या मर्यादा एका पुस्तकात लिहिलेल्या असतात आणि त्यांना मंडळाची मान्यता असते. बदल हवा असेल तर आधी केंद्रातली समिती तो पाहते, मग चालवणाऱ्या संस्थेचे मुख्यालय पाहते, आणि शेवटी मंडळाच्या समित्या. प्रश्न साधेच असतात. बदल का हवा? जुना आकडा कोणत्या हिशेबावर होता? तो हिशेब आज लागू आहे का? कोणत्या दुसऱ्या यंत्राला याचा धक्का बसेल? बदलल्यावर चाचणी कशी घेणार?

ही व्यवस्था पूर्ण निर्दोष होती असेही म्हणता येत नाही. २०१२ साली देशाच्या महालेखापरीक्षकांनीच अहवालात म्हटले की या मंडळाला पुरेसे स्वतंत्र, कायदेशीर अधिष्ठान नाही. आजोबांचा मुकादम इथेही आठवावा. आकडा राखणारा माणूस आकड्यामुळे अडणाऱ्याच्या हाताखाली असला, की विटा बांधायला वेळ लागत नाही.

शिक्षकमित्रांनो, हा विषय वर्गात घ्यायचा असेल तर अणुभट्टीपासून सुरुवात करू नका. मुलांना शेतावरचा स्टार्टर दाखवा आणि विचारा, हा आकडा कुणी नेमला आणि का? आणि शेतकरी बंधूंनो, पुढच्या वेळी मोटार ट्रिप झाली तर स्क्रू-ड्रायव्हरला हात घालण्यापूर्वी व्होल्टेज बघा, बेअरिंग बघा, वायरमनला विचारा. तरीही आकडा बदलावा लागला, तर जुना आकडा, नवा आकडा, तारीख आणि कारण स्टार्टरच्या पेटीत एका चिठ्ठीवर लिहून ठेवा. तारापूरला काय आणि नशिराबादला काय, रीत हीच आहे.