ऋषींचा नीवार आणि मुळशीचा आंबेमोहोर

पुण्याच्या पश्चिमेस सह्याद्रीच्या कुशींत मुळा नदीचें खोरें आहे. शिजतांना आंब्याच्या मोहोराचा दरवळ सुटतो तो आंबेमोहोर तांदूळ, आणि त्या तांदळासाठीं नांवाजलेला हा मुळशी पेटा. सन १९२१ च्या रामनवमीस, १६ एप्रिल रोजीं, येथील शेतकऱ्यांनीं टाटा कंपनीच्या धरणाविरुद्ध सत्याग्रह आरंभिला. पुढें त्याची धुरा सेनापति बापट यांनीं वाहिली. १९२४ पर्यंत तो लढा चालला. पण अखेर धरण उभें राहिलें आणि भाताचीं खाचरें पाण्याखालीं गेलीं. जमिनीची किंमत रुपयांत ठरवितां येते. पिढ्यान्‌पिढ्या निवडून राखलेल्या बियाण्याची किंमत मात्र कोणत्याहि हिशेबांत बसत नाहीं.

ती किंमत रोग आला म्हणजे कळते. १८४५ सालीं आयर्लंडांत बटाट्यावर करपा पडला. गरिबांची बहुतेक लागवड एकाच जातीची होती. त्यानंतरच्या दुष्काळांत सुमारें दहा लक्ष माणसें मृत्युमुखीं पडलीं. या रोगाशीं झुंजण्याचें बळ पुढें सांपडलें तें मेक्सिकोच्या डोंगरांतील सोलॅनम डेमिसम या रानटी बटाट्यांत. त्याचे कंद अगदीं लहान; बाजारांत त्यांस कोणी विचारणार नाहीं. पण त्याच्याशीं संकर करून नवे वाण निघाले. रोगानें रूप पालटतांच त्यांचें बळ अपुरें पडलें, आणि शास्त्रज्ञांस पुन्हां रानाकडे वळावें लागलें.

भाताची कथाहि अशीच आहे. मुळशीच्या डोंगरांपलीकडे, घाटाखालीं खोपोली येथें, १९५१ सालीं भातावरील जिवाणुजन्य करपा भारतांत प्रथम आढळला. या रोगांत पानें कडेपासून पिवळीं पडून वाळत जातात व दाणा नीट भरत नाहीं. एकदां तो शेतांत शिरला कीं फवाऱ्याचा फारसा उपयोग होत नाहीं. रोपाच्या अंगींच प्रतिकारशक्ति असावी लागते. ती मिळाली आफ्रिकेंतील माली देशाच्या एका रानभातांत. फिलिपाइन्समधील आंतरराष्ट्रीय भात संशोधन संस्थेनें ती लागवडीच्या भातांत उतरविली. १९९५ सालीं त्या गुणाचा जनुक वेगळा काढण्यांत आला. पुढें हैदराबादच्या शास्त्रज्ञांनीं तो आणखी दोन जनुकांसह सांबा मसुरी या नामांकित तांदळांत आणला. दाण्याचा दर्जा न बिघडतां तयार झालेला हा वाण २००८ सालीं शेतकऱ्यांच्या हातीं पडला.

महाराष्ट्रास रानभात परका नाहीं. संस्कृतांत त्याचें नांव नीवार. तपोवनांतील ऋषींचें तें अन्न. ऋषिपंचमीस बैलाच्या कष्टाचें धान्य वर्ज्य असतें, म्हणून त्या दिवशीं न नांगरतां उगवलेला देवभात शिजतो. याच जुन्या शब्दावरून १९६५ सालीं एका रानभातास ओरायझा निवारा हें शास्त्रीय नांव मिळालें. पुढें रोपास गवतासारखें खुरटें करून टाकणाऱ्या एका विषाणूवर उतारा शोधण्यासाठीं फिलिपाइन्समध्यें भाताचे सहा हजारांवर नमुने तपासले गेले. प्रतिकार दिसला तो उत्तर प्रदेशांतून गेलेल्या नीवाराच्या एकाच नमुन्यांत! डॉ. गुरुदेव खुश व त्यांचे सहकारी यांनीं त्यापासून सिद्ध केलेले वाण १९७४ पासून आशियाच्या शेतांत पसरले.

आंबेमोहोर आजहि मावळ-मुळशींत पिकतो. त्याचा सुगंध माणसानें जोपासला आहे. पण उद्यां त्यावर नवा रोग आला, तर उतारा बहुधा एखाद्या अनाम रानगवतांतच शोधावा लागेल. मुळशीच्या शेतकऱ्यांनीं आपल्या खाचरांसाठीं तीन वर्षें झुंज दिली. डबक्याकांठच्या देवभातासाठीं कोणी सत्याग्रह करीत नाहीं. तें डबकें बुजवितांना त्यासवें काय गाडलें गेलें, हें त्या वेळीं कोणासच कळत नाहीं. आणि कळण्याची वेळ येते, तेव्हां तें बीज उरलेलें नसतें.