नागिनची बीन ते ‘गुप्त’

हेडफोन लावलेत ना? १९५४च्या ‘नागिन’मधली बीन आठवा. गंमत म्हणजे ती बीन नव्हतीच! संगीत हेमंत कुमारांचं, पण तो आवाज कल्याणजींनी क्लेव्हायोलिन या इलेक्ट्रॉनिक कीबोर्डवर काढला होता.

त्यांचाच मुलगा विजू शाह. आधी सिंथेसायझरवाला, मग संगीतकार. कल्याणजी-आनंदजींसोबत ‘त्रिदेव’ (१९८९), पुढे स्वतःच्या नावावर ‘मोहरा’ (१९९४) आणि ‘गुप्त’ (१९९७). ‘गुप्त’च्या पार्श्वसंगीताला फिल्मफेअरही मिळालं.

सिंथ प्रोग्राम करणं म्हणजे आवाज घडवणं. लहर निवडायची, फिल्टरने तिची धार कमी-जास्त करायची, सूर झटकन उठेल की हळूहळू विरेल तेही ठरवायचं.

पण याची किंमत कुणी मोजली? मुंबईच्या स्टुडिओंत हॉलभर बसणाऱ्या वादकांनी. त्यात गोव्याचे कितीतरी व्हायोलिन आणि ट्रम्पेटवाले होते. मशीन आलं, तसं त्यांचं काम आटत गेलं.

म्हणून मला दोन्ही गोष्टी एकत्र सांगाव्याशा वाटतात. मशीनने रोजगार खाल्ला, हे खरं. पण ‘गुप्त’चं शीर्षकसंगीत नुसतं बटण दाबून झालं नाही, त्यामागेही एक तयार कान होता. आज रात्री ऐका, आणि बेसकडे लक्ष द्या!