नासाकोटरांची दुर्बिणीद्वारे शस्त्रक्रिया : अध्ययन व अध्यापन

नाकाच्या सभोवतीच्या हाडांत हवेने भरलेल्या ज्या पोकळ्या असतात, त्यांना नासाकोटरे म्हणतात. सायनस या नावाने त्या सर्वसामान्यांस परिचित आहेत. गालाच्या हाडात, कपाळाच्या हाडात, दोन डोळ्यांच्या मधल्या चाळणीसारख्या एथमॉइड हाडात आणि नाकाच्या अगदी मागे कवटीच्या तळाशी असलेल्या स्फेनॉइड हाडात त्यांची जागा असते. या पोकळ्यांचा जुनाट शोथ (दाहयुक्त सूज) औषधांनी बरा न झाल्यास नाकपुडीतून बारीक दुर्बीण, म्हणजे अंतर्दर्शक, घालून त्यांची मुखे मोकळी करतात. चेहऱ्यावर छेद न घेता होणारी ही शस्त्रक्रिया रुग्णास सोयीची आहे. परंतु ती शिकणे व शिकविणे मात्र अवघड आहे. शस्त्रक्रियेच्या क्षेत्राला बाजूने डोळ्याची खोबण व वरून मेंदू लागून असतो; यांपैकी डोळ्याकडील भिंत कागदासारखी पातळ असते. त्यामुळे ही विद्या शिकताना होणाऱ्या चुकांची किंमत कोणी द्यावयाची, हा प्रश्न तिच्या इतिहासात आरंभापासून दिसतो.

दुर्बिणीपूर्वीचा काळ : एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस गालाच्या कोटरातील पू काढण्यासाठी वरच्या ओठाच्या आतून हाडाला भोक पाडण्याची पद्धत रूढ झाली. न्यूयॉर्कचे जॉर्ज कॉल्डवेल यांनी १८९३ मध्ये व पॅरिसचे आंरी ल्यूक यांनी १८९७ मध्ये तिचे स्वतंत्रपणे वर्णन केले. या पद्धतीत कोटरातील श्लेष्मकला (ओलसर अस्तर) खरवडून काढीत. एथमॉइड कोटरांपर्यंत नाकातून पोहोचण्याचा मार्ग अमेरिकन शल्यविशारद हॅरिस मोशर यांनी १९१२ मध्ये मांडला. कपाळावर बांधलेल्या आरशाच्या उजेडात, नाकाच्या खोल व अरुंद भागात, बव्हंशी हाताच्या स्पर्शावर विसंबून हे काम करावे लागे. पुढे १९२९ मध्ये खुद्द मोशर यांनीच ही शस्त्रक्रिया रुग्णाच्या जिवावर बेतण्याचा एक सोपा मार्ग ठरली असल्याचा इशारा दिला. या काळातील अध्यापनाची मर्यादा उघड होती. शस्त्रक्रिया करणाऱ्यालाच जेथे पुरते दिसत नसे, तेथे शेजारी उभ्या असलेल्या विद्यार्थ्याला काहीच दिसत नसे. हाताचे कसब एका पिढीकडून दुसरीकडे जाई; डोळ्याचे ज्ञान जात नसे.

साधन व शास्त्र : शरीराच्या पोकळीत उजेड नेण्याचा प्रयत्न फ्रँकफुर्टचे फिलिप बोत्सिनी यांनी १८०६ मध्ये मेणबत्तीच्या ज्योतीवर चालणाऱ्या उपकरणाने केला होता. विसाव्या शतकाच्या आरंभी जर्मनीत हिर्शमान यांनी मूत्राशय पाहण्याच्या दुर्बिणीत फेरफार करून ती दाताच्या खोबणीतून गालाच्या कोटरात घातली. तथापि प्रतिमा अंधूक व उजेड अपुरा असल्याने पुढील पन्नास वर्षे हे तंत्र फारसे वाढले नाही. हा अडथळा ब्रिटिश भौतिकीविज्ञ हॅरल्ड हॉपकिन्स यांच्या संशोधनाने दूर झाला. पंजाबातील मोगा येथे जन्मलेले नरिंदरसिंग कपानी यांच्यासमवेत त्यांनी काचतंतूंच्या जुडग्यातून प्रतिमा वाहून नेता येते, हे १९५४ मध्ये प्रसिद्ध केले. त्यानंतर त्यांनी नळीत लहान भिंगांऐवजी काचेच्या लांब कांड्या बसविण्याची योजना केली. तीमुळे प्रकाश पुष्कळ अधिक मिळून प्रतिमा स्वच्छ झाली. जर्मन उपकरण-निर्माते कार्ल स्टोर्झ यांनी या कल्पनेला १९६० नंतरच्या दशकात व्यवहारोपयोगी रूप दिले. आजही नाकासाठी सामान्यतः ४ मिमी. व्यासाची दुर्बीण वापरतात. समोर पाहणारी आणि ३०, ४५ व ७० अंशांत वळून पाहणारी असे तिचे प्रकार आहेत.

साधनाइतकेच महत्त्व शास्त्रीय आकलनाला होते. ऑस्ट्रियातील ग्रात्स येथील व्हाल्टर मेसरक्लिंगर यांनी श्लेष्मकलेवरील पक्ष्माभिका (सतत हलणारे केसासारखे सूक्ष्म तंतू) श्लेष्म्याला कोणत्या दिशेने वाहून नेतात, याचा अनेक वर्षे अभ्यास केला. हा प्रवाह नेहमी कोटराच्या नैसर्गिक मुखाकडेच जातो; दुसरीकडे नवे भोक पाडले, तरी तो त्याला वळसा घालून मूळ मुखाकडे वळतो, असे दिसून आले. गालाच्या व कपाळाच्या कोटरांच्या विकाराचे मूळ पुष्कळदा नाकाच्या बाजूच्या भिंतीतील एका अरुंद जागी असते, हा निष्कर्ष त्यातून निघाला. त्यांचा नाकाच्या अंतर्दर्शनावरील ग्रंथ १९७८ मध्ये प्रसिद्ध झाला. श्लेष्मकला खरवडून काढण्याऐवजी मार्ग मोकळा करून तिला स्वतः बरे होऊ द्यावे, हा विचार या शस्त्रक्रियेचा पाया ठरला.

अध्यापनाचा आरंभ : मेसरक्लिंगर यांचे शिष्य हाइन्झ श्टामबेर्गर आणि बॉल्टिमोर येथील डेव्हिड केनेडी यांनी ही पद्धत जगभर पोहोचविली. केनेडी यांनी १९८५ मध्ये तिला ‘कार्यात्मक’ हे विशेषण लावले आणि त्याच वर्षी बॉल्टिमोर येथे तिचा अमेरिकेतील पहिला अभ्यासवर्ग भरला. ज्यांची विद्यार्थिदशा केव्हाच संपली होती, असे शल्यविशारद पुन्हा विद्यार्थी झाले; काही दिवसांच्या वर्गात व्याख्याने ऐकून, मृतदेहावर हात बसवून ते परतत आणि स्वतःच्या रुग्णालयात शस्त्रक्रिया सुरू करीत. याचे परिणाम लवकरच दिसले. अमेरिकेतील जेम्स स्टँकिविच यांनी १९८७ मध्ये आपल्या पहिल्या ९० रुग्णांतील गुंतागुंतींचा प्रांजळ आढावा प्रसिद्ध केला. दोन वर्षांनी त्यांनी पुढील ९० रुग्णांची माहिती दिली, तेव्हा गुंतागुंतींचे प्रमाण ठळकपणे घटलेले आढळले. शल्यविशारद तोच होता, उपकरणेही बहुतांशी तीच होती. वाढला होता तो अनुभव. अनुभवाची ही वाढ पहिल्या रुग्णांच्या वाट्याला आलेल्या धोक्यातून झाली, ही गोष्ट या आकड्यांनी सर्वांसमोर आणली.

अध्यापनाच्या पद्धतीत खरा पालट चित्रण-कॅमेऱ्याने घडवून आणला. प्रारंभी शल्यविशारद दुर्बिणीला स्वतःचा डोळा लावून पाही. विद्यार्थ्यासाठी तिला फार तर एक जोडनळी बसवीत. १९८० नंतरच्या काळात लहान कॅमेरे उपलब्ध झाले आणि नाकातील दृश्य पडद्यावर दिसू लागले. गुरूला जे दिसते तेच शिष्यालाही त्याच क्षणी दिसू लागले. त्याहून महत्त्वाचे म्हणजे शिष्य हत्यार कोठे नेत आहे, हे गुरूला दिसून त्याला वेळीच थांबविता येऊ लागले. मात्र पडद्यावरील चित्र सपाट असते, त्यात खोलीचा अंदाज येत नाही. डाव्या हातात दुर्बीण, उजव्या हातात हत्यार आणि नजर तिसरीकडेच, अशी सवय विद्यार्थ्याला नव्याने लावून घ्यावी लागते. तिरप्या दुर्बिणीतून पाहताना दृष्टीची व हत्याराची दिशा वेगळी असते, हीही एक अडचण असते.

भारतीय परंपरा व महाराष्ट्र : रुग्णाला हात लावण्यापूर्वी हाताला वळण लावावे, हे तत्त्व भारतीय वैद्यकाला नवे नाही. सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानातील ‘योग्यासूत्रीय’ या नवव्या अध्यायात शिष्याने छेदनाचा सराव कोहळा, भोपळा, काकडी यांसारख्या फळांवर, भेदनाचा पाणी वा चिखल भरलेल्या कातडी पिशव्यांवर व वेधनाचा मृत जनावरांच्या शिरांवर आणि कमळाच्या देठांवर करावा, असे सांगितले आहे. शास्त्र पाठ असले, तरी हा सराव न केलेला वैद्य कर्मास अयोग्य मानला आहे. आधुनिक काळात मृतदेहावरील अध्ययनाला या राज्यात १९४९ च्या मुंबई शरीररचनाशास्त्र अधिनियमाने कायद्याचा आधार मिळाला. बेवारस मृतदेह वैद्यकीय शिक्षणसंस्थांना देण्याची तरतूद त्यात झाली. पुढे स्वेच्छेने केलेल्या देहदानाचीही त्याला जोड मिळाली.

मुंबईतील वैद्यकीय शिक्षण दीर्घकाळ बेटावरील महाविद्यालयांत एकवटलेले होते. ग्रँट वैद्यकीय महाविद्यालय १८४५ मध्ये, शेठ गोवर्धनदास सुंदरदास वैद्यकीय महाविद्यालय १९२६ मध्ये आणि शीव येथील लोकमान्य टिळक महापालिका वैद्यकीय महाविद्यालय १९६४ मध्ये सुरू झाले. खाडीपलीकडे नवे शहर वसविण्यासाठी १९७० मध्ये सिडको हे महामंडळ स्थापन झाले. त्या शहराच्या दक्षिण भागात, शीव–पनवेल महामार्गालगत असलेले कामोठे हे पनवेल तालुक्यातील गाव हळूहळू दाट वस्तीचे उपनगर बनले. २०१६ पासून ते पनवेल महानगरपालिकेत मोडते. महात्मा गांधी मिशन या संस्थेचे वैद्यकीय महाविद्यालय १९८९ मध्ये सुरू झाले. कामोठे येथील हे महाविद्यालय २००६ मध्ये स्थापन झालेल्या अभिमत विद्यापीठाचा भाग असून कान-नाक-घसा या विषयाचा तीन वर्षांचा पदव्युत्तर अभ्यासक्रम तेथे आहे. ज्या वर्षांत ही शस्त्रक्रिया जगभर पसरत होती, त्याच वर्षांत असे महाविद्यालय उभे राहिले, हे लक्षणीय आहे. जुन्या महाविद्यालयांतील अध्यापकांना आधीची पद्धत बाजूला सारून दुर्बीण आत्मसात करावी लागली. १९९० नंतरच्या पिढीला ती अभ्यासक्रमाचा भाग म्हणून मिळत गेली.

अध्ययनाचा क्रम : पदव्युत्तर विद्यार्थ्याच्या शिक्षणाचा प्रारंभ शस्त्रक्रियागृहात न होता बाह्यरुग्ण विभागात होतो. नाक बधिर करून दुर्बीण ठरावीक तीन मार्गांनी फिरविणे, शुक्तिका (नाकाच्या बाजूच्या भिंतीवरील शिंपल्यासारखी वळलेली हाडे) ओळखणे व श्लेष्मकलेला धक्का न लावता दुर्बीण बाहेर काढणे, यात हात स्थिर होतो. सीटी क्रमवीक्षणाचे वाचन हा दुसरा टप्पा होय. प्रत्येक व्यक्तीच्या नाकाची रचना वेगळी असल्याने हे चित्र नकाशाप्रमाणे वापरतात. घ्राणेंद्रियाजवळ कवटीचा तळ किती खाली उतरला आहे, याचे तीन वर्ग केरोस यांनी १९६२ मध्ये केले. तिसऱ्या वर्गात ही खोली ८ ते १६ मिमी. असते व तेथील पातळ भिंत फुटून मस्तिष्क-मेरुद्रव गळण्याचा धोका अधिक असतो. त्यानंतर बकऱ्याच्या डोक्यावर व मृतदेहावर सराव करतात. बकऱ्याचे डोके खाटकाकडे सहज व स्वस्तात मिळते; त्याची रचना माणसाप्रमाणे नसली, तरी दोन्ही हातांचा मेळ घालण्यास ते उपयोगी पडते. मृतदेहात रक्तस्राव होत नाही, ही उणीव असली, तरी डोळ्याची भिंत, दृक् तंत्रिका व ग्रीवा रोहिणी प्रत्यक्ष उघडून पाहता येतात. जे टाळावयाचे ते एकदा डोळ्यांनी पाहिलेले असणे, हा या अभ्यासाचा मोठा लाभ होय.

रुग्णावरील कामातही पायऱ्या पाळतात. प्रथम साहाय्यक म्हणून काम, नंतर गालाच्या कोटराचे मुख मोकळे करणे, मग एथमॉइडचा पुढील व मागील भाग, त्यापुढे स्फेनॉइड आणि शेवटी कपाळाचे कोटर असा सामान्य क्रम आहे. रक्तस्रावाने दिसेनासे झाल्यास थांबणे, डोळ्याला सूज आल्यास त्वरित उपाय करणे आणि अर्धवट शस्त्रक्रिया पुढे ढकलण्याचा निर्णय घेणे, हेही शिकवावे लागते. केलेल्या व पाहिलेल्या शस्त्रक्रियांची नोंदवही विद्यार्थ्याला ठेवावी लागते.

अलीकडील घडामोडी : अमेरिकेत १९९० नंतरच्या दशकात लॉकहीड मार्टिन या विमाननिर्मिती कंपनीच्या साहाय्याने या शस्त्रक्रियेचे संगणकीय अनुकारित्र तयार झाले, वैमानिक जसा जमिनीवर उड्डाण शिकतो, तसे रुग्णावाचून शिकण्याची कल्पना त्यामागे होती. हत्याराचे टोक सीटी चित्रावर दाखविणारी मार्गदर्शक यंत्रणाही मोठ्या रुग्णालयांत वापरतात. तथापि तिने रचनेच्या ज्ञानाची जागा घेतलेली नाही. कोविड-१९ च्या साथीत २०२१ मध्ये महाराष्ट्रात म्युकरमायकोसिस या बुरशीजन्य रोगाचे रुग्ण मोठ्या संख्येने आढळले, तेव्हा याचा प्रत्यय आला. नेहमीच्या शस्त्रक्रिया स्थगित असताना कान-नाक-घसा विभागांतील निवासी डॉक्टरांना रोगाने कुजलेल्या नासाकोटरांपुढे उभे राहावे लागले. ओळखीच्या खुणा रोगानेच नष्ट केल्या होत्या आणि विलंब झाल्यास डोळा वा प्राण जाण्याची भीती होती. अशा वेळी पूर्वी मृतदेहावर शिकलेली रचनाच दिशा दाखवीत होती.

दोनशे वर्षांत उजेड मेणबत्तीपासून काचतंतूंपर्यंत आला. अध्यापनातील प्रगती मात्र वेगळ्या मापाने मोजावी लागते : विद्यार्थ्याची पहिली चूक जिवंत रुग्णापासून किती दूर नेता आली, हे ते माप होय. फळे, बकऱ्याचे डोके, दान केलेला देह, पडद्यावर लक्ष ठेवणारा गुरू व संगणक ही त्या एकाच वाटेवरील ठाणी आहेत. यांपैकी कोणतेही शेवटचे अंतर पूर्णपणे मिटवीत नाही. प्रत्येक शल्यविशारदाचा पहिला रुग्ण हा माणूसच असतो. म्हणून त्या रुग्णाच्या वेळी अनुभवी अध्यापकाची उपस्थिती ही या विद्येची अपरिहार्य अट मानली जाते.