पहिल्यांदाच अमेरिकेला जाताय? तीन आठवड्यांचा प्लॅन कसा आखायचा?

वारजे, कर्वेनगर, कोथरूड या पट्ट्यात मुलगा किंवा मुलगी अमेरिकेत आहे, अशी घरं सहज सापडतात. आई-बाबांचा व्हिसा झाला की घरात पहिली यादी होते ती ठिकाणांची. नायगारा, न्यूयॉर्क, वॉशिंग्टन, डिस्नीलँड, लास वेगास, ग्रँड कॅन्यन, सॅन फ्रान्सिस्को.

हे सगळं तीन आठवड्यांत बसवायला गेलं, तर बरेचसे दिवस विमानतळावर आणि गाडीत जातात. खर्च वाढतो आणि साठी ओलांडलेल्या आई-बाबांच्या तब्येतीवर ताण येतो, तो वेगळाच. मग पहिल्या फेरीत काय बघायचं आणि काय सोडायचं?

अमेरिका नेमकी किती मोठी आहे?

अमेरिकेचं क्षेत्रफळ सुमारे ९८ लाख चौरस किलोमीटर आहे, म्हणजे भारताच्या जवळपास तिप्पट. आपला देश उत्तर-दक्षिण ३,२१४ किलोमीटर पसरला आहे. न्यूयॉर्क ते लॉस एंजेलिस हे सरळ रेषेतलं अंतरच ३,९०० किलोमीटरच्या आसपास भरतं. हा प्रवास विमानाने साधारण सहा तासांचा आहे आणि दोन्ही शहरांच्या घड्याळांत तीन तासांचा फरक आहे.

मराठी माणसांच्या परिचयाचं उदाहरण घ्यायचं तर बृहन्महाराष्ट्र मंडळाच्या अधिवेशनांचं घेता येईल. २०२२चं अधिवेशन पूर्वेला न्यू जर्सीतल्या अटलांटिक सिटीत झालं आणि २०२४चं पश्चिमेला कॅलिफोर्नियातल्या सॅन होजेत. दोन्हीकडे मराठी वस्ती मोठी आहे, पण एकाकडून दुसऱ्याकडे जायचं तर अख्खा देश ओलांडावा लागतो.

नकाशावर शेजारी दिसणारी ठिकाणंही फसवतात. न्यूयॉर्क शहरापासून नायगारा रस्त्याने सुमारे ६५० किलोमीटर आहे, म्हणजे पुणे-नागपूरपेक्षा थोडंसंच कमी. लास वेगासहून ग्रँड कॅन्यनचा दक्षिण काठ गाठायला गाडीने चार ते पाच तास लागतात.

त्यामुळे पहिल्या फेरीसाठी साधा नियम धरा: एका फेरीत एकच किनारा. मुलं न्यू जर्सीत असतील तर पूर्व, कॅलिफोर्नियात असतील तर पश्चिम.

प्लॅनची सुरुवात कुठून करायची?

मुलांच्या रजेपासून. अमेरिकेत खासगी कंपन्यांनी भरपगारी सुट्टी द्यावी, असं केंद्रीय कायद्याचं बंधन नाही. किती रजा द्यायची हे कंपनी ठरवते. त्यामुळे 'आम्ही तीन महिने येतोय' म्हटलं, तरी गाडी काढून लांब नेणारं माणूस त्यातले मोजकेच दिवस मोकळं असतं. आधी मुलांना विचारा: किती दिवस रजा आहे आणि कोणत्या महिन्यात?

जोडून येणाऱ्या सुट्ट्याही बघून ठेवा. मेचा शेवटचा सोमवार (मेमोरियल डे), ४ जुलै (स्वातंत्र्यदिन), सप्टेंबरचा पहिला सोमवार (लेबर डे) आणि नोव्हेंबरचा चौथा गुरुवार (थँक्सगिव्हिंग) या काळात रजा वाचते. पण तेव्हा सगळा देशच बाहेर पडलेला असतो. गर्दी आणि हॉटेलचे दर दोन्ही चढलेले असतात.

दहा वर्षांचा व्हिसा म्हणजे दहा वर्षं राहता येतं का?

नाही. भारतीयांना पर्यटक व्हिसा अनेकदा दहा वर्षांचा मिळतो, पण ती अमेरिकेच्या दारापर्यंत जाण्याची मुदत आहे. आत किती दिवस राहायचं, हे पोहोचल्यावर इमिग्रेशन अधिकारी ठरवतो. ही मुदत बहुतेक वेळा सहा महिने असते. तिची नोंद 'आय-९४' या रेकॉर्डमध्ये होते आणि ती ऑनलाइन बघता येते. पोहोचल्यावर ही तारीख तपासा आणि परतीचं तिकीट तिच्या आतलंच ठेवा. मुदत ओलांडली तर पुढच्या वेळी व्हिसा मिळणं कठीण होऊ शकतं.

व्हिसा दहा वर्षांचा असेल, तर यादीतलं उरलेलं पुढच्या फेरीत बघता येतं. त्यामुळे सगळं आत्ताच कोंबायची गरज नसते.

तीन आठवड्यांचा नमुना प्लॅन

समजा मुलगी न्यू जर्सीत आहे आणि आई-बाबा गुरुवारी पोहोचतात.

- दिवस १ ते ३: आराम. न्यूयॉर्क आणि न्यू जर्सी उन्हाळ्यात भारताच्या साडेनऊ तास मागे असतात, हिवाळ्यात साडेदहा तास. पहिल्या दिवसांत पहाटे तीनला जाग येणार आणि दुपारी डोळे मिटणार, हे गृहीत धरा.
- दिवस ४ (रविवार): लिबर्टी बेट. याची बोट न्यू जर्सीच्या लिबर्टी स्टेट पार्कमधूनही सुटते.
- दिवस ७ (बुधवार): न्यूयॉर्क शहर. रजेचा पहिला दिवस.
- दिवस ९ ते ११ (शुक्रवार ते रविवार): फिलाडेल्फियावरून वॉशिंग्टन. तिथल्या स्मिथसोनियन संग्रहालयांना प्रवेश मोफत आहे. रजेचा दुसरा दिवस.
- दिवस १६ ते १८ (शुक्रवार ते रविवार): नायगारा. शुक्रवारी जायचं, शनिवारी बघायचं, रविवारी परत. रजेचा तिसरा दिवस.
- दिवस २१ (बुधवार): परतीचा प्रवास.

मुलीची रजा लागली फक्त तीन दिवस. मधले मोकळे दिवस पाय दुखले, पाऊस आला, ताप आला, तर त्यासाठी आहेत. शिवाय नातवंडांसोबतचा वेळही त्यातच मिळतो.

मुलं कॅलिफोर्नियात असतील तर याच पद्धतीने सॅन फ्रान्सिस्को, लॉस एंजेलिस आणि लास वेगास-ग्रँड कॅन्यन अशा तीन छोट्या सहली आखता येतात.

दोन्ही किनारे बघायचेच असतील तर?

मग निदान महिनाभर हवा आणि तिकीट 'एका शहरात उतरून दुसऱ्या शहरातून परत' असं काढा. न्यूयॉर्कला उतरून सॅन फ्रान्सिस्कोहून परतलं, तर देश दोनदा ओलांडावा लागत नाही. पंडिता रमाबाई १८८६ मध्ये फिलाडेल्फियाला पोहोचल्या होत्या आणि १८८८ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोहून जपानमार्गे परत निघाल्या. मधल्या काळात पाहिलेल्या अमेरिकेवर त्यांनी मराठीत पुस्तक लिहिलं, ते १८८९ मध्ये प्रसिद्ध झालं.

कोणत्या महिन्यात जायचं?

नायगाऱ्याला धबधब्याजवळ नेणाऱ्या बोटी हिवाळ्यात बंद असतात. यलोस्टोनमधले बहुतेक रस्ते नोव्हेंबरच्या सुरुवातीपासून एप्रिलच्या मध्यापर्यंत साध्या गाड्यांसाठी बंद असतात. ग्रँड कॅन्यनचा दक्षिण काठ वर्षभर खुला असतो. पहिल्या फेरीसाठी मे-जून किंवा सप्टेंबर-ऑक्टोबर हे महिने सोयीचे.

नायगाऱ्याचं समोरून दिसणारं दृश्य कॅनडाच्या बाजूने आहे. भारतीय पासपोर्टवर तिकडे जायला कॅनडाचा वेगळा व्हिसा लागतो. तो नसेल तर प्लॅन अमेरिकेच्या बाजूपुरताच ठेवा.

वारज्यातून निघताना

लोहगावहून अमेरिकेला थेट विमान नाही, त्यामुळे बहुतेक जण मुंबई गाठतात. वारज्यातून हायवेने मुंबई विमानतळ सुमारे १५० किलोमीटर आहे. रस्त्याला चार तास, विमानतळावर तीन तास आधी आणि घाटातल्या कोंडीसाठी एक तास जादा, असे आठ तास धरा.

अमेरिकेत पुढचं विमान पकडायचं असेल, तर इमिग्रेशन साधारणपणे पहिल्याच विमानतळावर होतं आणि बॅगा घेऊन पुन्हा द्याव्या लागतात. दोन विमानांमध्ये किमान तीन तास ठेवा. अबुधाबीमार्गे थेट अमेरिकेला जाणाऱ्या विमानांसाठी मात्र हे इमिग्रेशन अबुधाबीतच उरकता येतं.

कोणतं काम आधी?

१. पासपोर्ट आणि व्हिसा. व्हिसा हातात येईपर्यंत परत न मिळणारं तिकीट काढू नका.
२. मुलांच्या रजेच्या तारखा.
३. विमानाचं तिकीट.
४. प्रवास विमा. मधुमेह, रक्तदाब असे आधीपासूनचे आजार त्यात धरले आहेत का, हे वाचून बघा. अमेरिकेत विम्याशिवाय हॉस्पिटलचं बिल पूर्ण सहलीच्या खर्चापेक्षा मोठं होऊ शकतं.
५. मुक्कामाची हॉटेलं, शक्यतो रद्द करता येतील अशी.
६. औषधं पूर्ण मुक्कामाला पुरतील इतकी, डॉक्टरांच्या चिठ्ठीसह आणि हातातल्या बॅगेत.

ठिकाणांची यादी या सहा कामांनंतर पुन्हा काढा. त्यातली निम्मी नावं पुढच्या फेरीसाठी बाजूला ठेवलीत, तर उरलेली निवांत बघून होतील.